रोमचा पवित्र डोंगर व शिरूरचें कर्डे गांव

सुटीच्या दिवसांत आमचा एक भाचा मुंबईहून आमच्या खेड्यांत येऊन राहिला होता. दुपारचीं जेवणें झालीं म्हणजे तो ओटीवर पालथा पडून इतिहासाचें पुस्तक वाचीत असे, आणि आमची अंमळ डुलकी लागण्याच्या सुमारास नेमका एखादा प्रश्न विचारीत असे. त्या दिवशींचा त्याचा प्रश्न असा : “मामा, रोमचे गरीब लोक रागावून शहर सोडून एका डोंगरावर जाऊन बसले, एवढ्यावरून श्रीमंत लोक घाबरले कसे? गेले तर कटकट गेली, असें त्यांना कां वाटलें नाहीं?” प्रश्न बालिश खरा, पण उत्तर देऊं लागलों तों आम्हांस भीमेच्या व घोडनदीच्या कांठचा आपलाच इतिहास आठवला, आणि झोप गेली ती गेलीच. त्या दिवशीं मुलाला जें सांगितलें व नंतर मनांत जें आलें, तेंच आज वाचकांपुढें मांडीत आहों.

राजे हांकून देऊन रोमकरांनीं लोकसत्ता स्थापिली, ती परंपरेनें इ. स. पूर्वी ५०९ या सालीं. ‘लोकसत्ता’ हा शब्द मात्र जपून घ्यावयाचा. नागरिकांत दोन वर्ग होते. पॅट्रिशियन म्हणजे जुन्या कुळांतील लोक. कॉन्सलचीं पदें, देवळांतील अधिकार, शकुन पाहण्याचा मान आणि कायद्याचें ज्ञान हीं सर्व त्यांच्याकडे. कायदा लिहिलेला नव्हता, म्हणून तो ज्याच्या तोंडीं त्याच्याच घरचा. दुसरा वर्ग प्लेबियनांचा. हे गुलाम होते असा पुष्कळांचा समज असतो, तो चुकीचा आहे. ते नागरिकच, लढाईंत जात, कर देत, त्यांतले कांहीं चांगले सुखवस्तुही होते. परंतु पॅट्रिशियन घराण्याशीं त्यांचा बेटीव्यवहार होत नसे. बारा पाट्यांच्या कायद्यानें तर त्यास उघड मनाई केली. ती मनाई इ. स. पूर्वी ४४५ मध्यें कॅन्यूलियस नांवाच्या लोकप्रतिनिधीनें उठविली, तेव्हां आतां देवांचे शकुन बिघडणार, कोणाचें रक्त कोणतें हें कळेनासें होणार, असा मोठा आक्रोश झाला म्हणतात. हे शब्द आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्यांस अगदींच अपरिचित वाटणार नाहींत.

पण सामान्य प्लेबियनास लग्नापेक्षां मोठी धास्ती कर्जाची होती. त्या कर्जाची रीत पाहण्यासारखी आहे. पांच साक्षीदार व तराजू धरणारा एक मनुष्य यांच्या समक्ष काशाचा तुकडा तोलून कर्ज दिलें जाई, आणि घेणारा स्वतःचा देहच गहाण ठेवी. या करारास नेक्सम् म्हणत. पुढें बारा पाट्यांच्या कायद्यांत (इ. स. पूर्वी ४५१-४५०) ठरलें कीं, देणें कबूल झाल्यावर तीस दिवसांची मुदत, मग सावकारानें धनकोच्या हक्कानें ऋणकोस घरीं नेऊन बेड्या घालाव्या, साठ दिवसांत तीन बाजारांच्या दिवशीं त्यास चव्हाट्यावर आणून देण्याचा आंकडा पुकारावा, तरीही कोणी सोडविलें नाहीं तर टायबर नदीपलीकडे परमुलखांत विकावा, किंवा प्राणही घ्यावा. आणि हा कायदा लिहून निघाला हीच लोकांस मोठी सोय वाटली! त्यापूर्वीं काय असेल याची कल्पना करावी.

लिव्ही या इतिहासकारानें एका म्हाताऱ्या शिपायाची हकीकत दिली आहे. लिव्ही त्या काळानंतर साडेचारशें वर्षांनीं लिहीत होता, तेव्हां ती अक्षरशः खरी धरण्याचें कारण नाहीं. पण रोमकरांनीं ती पिढ्यान्‌पिढ्या जपली, हेंच पुरें. हा म्हातारा फाटक्या वस्त्रांनिशीं, दाढी वाढलेला, भर चौकांत आला. लोकांनीं ओळखलें कीं हा तर अनेक लढायांतला नायक! तो म्हणाला, मी सेबाइन लोकांशीं लढत होतों तेव्हां शत्रूनें माझें शेत लुटलें, घर जाळलें, गुरें नेलीं. त्यांतच कराचा हप्ता आला, कर्ज काढलें, व्याज चढलें, वाडवडिलांची जमीन गेली, आणि शेवटीं हा देह सावकाराच्या तुरुंगांत गेला. छातीवर लढाईच्या जखमा आणि पाठीवर सावकाराच्या चाबकाचे वळ, दोन्ही त्यानें दाखविलीं. पुढच्याच वर्षीं, म्हणजे इ. स. पूर्वी ४९४ सालीं, सैन्यांतील प्लेबियन कोणाचाही घात न करतां उठले व आनिओ नदीपलीकडे, शहरापासून तीन मैलांवर असलेल्या पवित्र डोंगरावर जाऊन राहिले. शेतें पडलीं, सैन्य राहिलें नाहीं, शत्रू तर चोहोंकडे. श्रीमंत घाबरले ते याकरितां.

त्यांची समजूत घालण्यास गेलेल्या मेनेनियस आग्रिप्पानें पोटाची व अवयवांची गोष्ट सांगितली, ती आमच्या लहानपणींच्या वाचनमालांतूनही असे. हातपायांनीं पोटाशीं असहकार केला आणि सगळेच वाळले! गोष्ट गोड आहे. फक्त ती पोटाच्या बाजूनें रचलेली आहे, हें ध्यानांत ठेवावें. प्लेबियन लोकही तेवढ्यावर भाळून परतले नाहींत. त्यांनीं ट्रिब्यून म्हणून आपले स्वतःचे अधिकारी मागून घेतले. ट्रिब्यूनच्या अंगास हात लावणें महापाप ठरलें. कोणत्याही अधिकाऱ्याचें कृत्य “मी मना करतों” एवढ्या शब्दांनीं थांबविण्याची त्यास मुभा मिळाली. त्यानें एक रात्रही शहराबाहेर काढूं नये आणि त्याच्या घराचें दार रात्रंदिवस उघडें असावें, कोण केव्हां आश्रयास येईल याचा नेम नाहीं, असा नियम होता. रोमच्या सगळ्या राज्यघटनेंत आम्हांस हें उघडें दार सर्वांत अधिक आवडतें.

आतां आपल्याकडे यावें. शिरूर, दौंड या भागांत सार्वजनिक जीवन म्हणजे गांवगाडा. पाटील, कुलकर्णी, चौगुला हे वतनदार. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, कुंभार, महार, मांग वगैरे बलुतेदार. आणि शेतकऱ्यांतही दोन प्रती, मिरासदार व उपरी. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित. गांवच्या पंचायतींत, सणांत, मानपानांत त्यास जागा. उपरी हा बाहेरून येऊन जमीन कसणारा. त्याची गांवांत वस्ती असली तरी मुळें नसत. रोमच्या दोन वर्गांशीं हें हुबेहूब जुळतें असें आम्ही म्हणत नाहीं, पण जुन्या कुळांचा मान आणि नव्या माणसाचें उणेपण हा धागा तोच. मात्र दोघांच्याही डोक्यावर कर्ज होतें. पुण्याजवळच्या लोणी गांवची पाहणी डॉक्टर कोट्स यानें इ. स. १८२० च्या सुमारास केली, तींत बहुतेक कुणबी कर्जबाजारीच आढळले. म्हणजे पेशवाई बुडून दोन वर्षें होतात न होतात तोंच. इंग्रजांनींच कर्ज आणलें असें म्हणणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

बदललें तें कर्ज नव्हे, कर्जाच्या पाठीमागचें बळ. पूर्वी सावकार वसुलीसाठीं धरणें धरी, उंबरठ्यावर बसे, गांवची पंचायत मध्यें पडे. गांवाची मर्जी राखल्यावांचून त्याचें चालत नसे. इंग्रजी अमलांत दिवाणी कोर्ट आलें, आणि कोर्ट कागद पाही. इ. स. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें खताची मुदत तीन वर्षांची झाली. हेतु असा कीं जुनाट दाव्यांनीं रयतेस छळूं नये. फळ उलटें झालें. आमच्या घरच्या माळ्यावर एक शिसवी पेटी आहे, तींतले कागद पाहिले म्हणजे हें फळ डोळ्यांनीं दिसतें.

ही पेटी आमच्या खापरपणजोबांची. ते गांवचे कुलकर्णी, अक्षर मोत्यासारखें, आणि थोडीशी सावकारीही करीत. घरांत हें कधीं मोठ्यानें बोललें जात नसे. ‘लोकांच्या अडीअडचणीला पैसा देत’ एवढेंच आम्ही आजीच्या तोंडून ऐकलेलें. पेटींत एकाच कुणब्याचीं चार खतें एकांत एक गुंडाळलेलीं आहेत. पहिलें इ. स. १८६६ चें, रुपये २५ चें, व्याज दरमहा दरशेंकडा २. तीन वर्षांनीं व्याज १८ झालें. मुदत संपत आली म्हणून नवें खत, रुपये ४३ चें. या त्रेचाळिसांवर पुन्हां व्याज. १८७२ सालीं खत रुपये ७४ चें, आणि १८७५ सालीं रुपये १२७ चें. नऊ वर्षांत एक कवडीही नवी दिली नाहीं, आणि पंचवीसांचे एकशें सत्तावीस झाले. आपल्या धर्मशास्त्राचा दामदुपटीचा नियम कोर्टेंही मानीत : व्याज मुदलाहून अधिक मागूं नये. त्या हिशेबानें पन्नासांवर गोष्ट जावयास नको होती. पण नवें खत झालें कीं व्याज तेंच मुद्दल, मग दामदुपट कशाची मोजणार? खळ्यावरून नेलेल्या बाजरीचा उल्लेख चारही कागदांत नाहीं. तो एका निराळ्या चोपडींत आहे, आणि ती चोपडी कोर्टांत जाण्याचें कारण नव्हतें. प्रत्येक खताखालीं ऋणकोची निशाणी म्हणून एक लहानसा नांगर काढलेला आहे, आणि तो नांगरही आमच्या खापरपणजोबांच्याच लेखणीचा. कुणब्यानें फक्त लेखणीस हात लावलेला. भाच्यास तो नांगर फार आवडला. आम्हांस मात्र त्याकडे फार वेळ पाहवेना.

तो काळ आधींच कठीण होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) कापसाचे भाव चढले, हातीं पैसा खेळला, सावकारही सढळ झाले. युद्ध संपलें, भाव उतरले. त्याच वेळीं तीस वर्षांपूर्वींच्या पाहणीची मुदत संपून सरकारसारा नव्यानें ठरला. इंदापूर, भीमथडी वगैरे तालुक्यांत तो कांहीं ठिकाणीं निम्म्याहूनही अधिक वाढला. (आजच्या दौंड तालुक्याचा बराच मुलूख त्या वेळीं भीमथडींत मोडे.) सारा भरण्यास सावकाराकडे जावें तों सावकारानें हात आखडलेला, कारण जमिनीची किंमत किती टिकेल याची त्यालाच शंका.

अशा स्थितींत इ. स. १८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील कर्डे गांवीं एक गोष्ट घडली. बाबासाहेब देशमुख या चांगल्या घराण्यांतल्या पण कर्जांत बुडालेल्या गृहस्थावर एका मारवाडी सावकारानें दीडशें रुपयांच्या देण्यासाठीं हुकुमनामा मिळविला, आणि घर पाडून त्याचें लांकूडसामान विकलें. हुकूम कायदेशीर होता. पण देशमुखाचें घर म्हणजे गांवाच्या मानाची वस्तु. तें गांवाच्या डोळ्यांदेखत खालीं आलें. गांवानें लाठी उचलली नाहीं. गांव एक झालें आणि सावकारांशीं व्यवहार बंद केला : त्यांचें शेत कोणी नांगरूं नये, पाणी भरूं नये, न्हाव्यानें हजामत करूं नये, कोणी सामान देऊं नये. पुढें आसपासच्या गांवीं असेच ठराव लेखी झाले, आणि जो फुटेल त्याचेंही बलुतें बंद अशी त्यांत अट पडली.

भाच्यास आम्ही म्हणालों, हें पाहा तुझ्या प्रश्नाचें उत्तर. रोमचा गरीब उठून डोंगरावर गेला. कर्ड्याचा गरीब जागचा हलला नाहीं, त्यानें सावकाराच्या घरासच डोंगर केलें. शस्त्र दोघांचें एक, आपलें काम काढून घेणें. फरक इतकाच कीं, रोमकरांपाशीं सैन्य हें काम होतें व शत्रू वेशीशीं होता. कर्डेकरांपाशीं घागर, वस्तरा व नांगर होता, आणि सावकाराच्या पाठीशीं पुण्यांतलें कोर्ट होतें. न्हाव्यानें वस्तरा ठेवल्यानें कोर्ट अडत नाहीं.

तें अडत नाहीं असें दिसल्यावर जें झालें तें सर्वांस ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारच्या दिवशीं भोंवतालच्या खेड्यांतले लोक जमले व गुजर सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले. चोवीस तासांच्या आंत जाळपोळ उत्तरेस केडगांवापर्यंत पोंचली. भीमथडी, इंदापूर, शिरूर या तालुक्यांत व नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. लष्कराची मदत घ्यावी लागली. पुणें व नगर मिळून साडेनऊशेंवर लोक पकडले गेले व पांचशेंवर शिक्षा पावले. पण या दंग्यांचा विशेष असा कीं, जमाव खतें व हुकुमनामे मागे; ते हातीं आले व जळाले कीं पुष्कळ ठिकाणीं निघून जाई. माणसें मारण्याकडे त्याचा कल नव्हता. जुलूम कागदांत राहतो हें त्यांना लिहितां-वाचतां येत नसतांही नेमकें कळलें होतें.

आणखी एक गोष्ट चौकशी कमिशननें नोंदली आहे, ती आमच्यासारख्या घरांनीं वाचावी अशी आहे. ज्या गांवीं मारवाडी, गुजर आणि ब्राह्मण असे सर्वच सावकार होते, तेथें बहुधा पहिल्या दोघांसच त्रास झाला. ब्राह्मण सावकार वाचले. आमच्या घरची पेटी जळली नाहीं ती याचमुळें असावी. याचा अर्थ ब्राह्मण सावकाराचें व्याज हलकें होतें असा घेण्याचा मोह होतो. पेटींतलीं चार खतें तसें सांगत नाहींत. परमुलखांतून आलेल्या त्या व्यापाऱ्याचे गांवांत आप्त नव्हते, मिरास नव्हती, पंचायतींत बैठक नव्हती. गांव त्याच्याशीं केवळ पैशानें जोडलें होतें, म्हणून पैशाचा सारा राग त्याच्यावर गेला. कुलकर्णी मात्र पंचांग सांगे, पत्रिका पाही, सरकारदरबारीं अर्ज लिही. त्याच्यावर हात टाकणें म्हणजे गांवाच्याच अंगावर हात टाकणें. रोममध्येंही पॅट्रिशियन आपल्या आश्रितांचे पालक म्हणवीत, त्यांचे खटले चालवीत, सकाळीं त्यांचे नमस्कार घेत. एका हातानें आधार व दुसऱ्या हातानें नेक्सम्. आठ वर्षांनीं, १८८३ मध्यें, जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून या दुसऱ्या हाताकडे बोट दाखविलें. तें पुस्तक आमच्या घरीं नव्हतें. आम्ही तें फार उशिरां वाचलें.

मग रयतेचा ट्रिब्यून कोणी नव्हता काय? पुण्यास १८७० सालीं स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचा विचार येथें मनांत येतो. गणेश वासुदेव जोशी यांनीं ती उभारली, त्यावरून लोक त्यांस सार्वजनिक काकाच म्हणूं लागले. सभासद होण्यास निदान पन्नास जणांचें सहीचें मुखत्यारपत्र आणावें लागे. कल्पना थोर होती, आणि त्या काळीं हिंदुस्थानांत नवी. सभेनें शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून साऱ्याच्या वाढीविरुद्ध सरकारास लिहिलें. तंटे कोर्टाबाहेर मिटविण्यासाठीं लवाद कोर्टें चालविलीं. सभेंत बहुतेक भरणा सरदार, वकील, पेन्शनर व व्यापारी यांचा, हें खरें; तरी तिच्या कळकळीविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण तिच्या हातीं अर्ज होता, मनाईचा अधिकार नव्हता. आणि कर्ड्याच्या कुणब्यास पुण्यांतलें तिचें दार कोणत्या पेठेंत आहे हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्यास ठाऊक असलेलें दार कुलकर्ण्याचें.

रोमला कायदा मिळण्यास फार काळ लागला. इ. स. पूर्वी ३६७ मध्यें लिसिनियस व सेक्स्टियस या ट्रिब्यूनांनीं दहा वर्षें झगडून ठरवून घेतलें कीं, आजवर दिलेलें व्याज मुदलांतून वजा करावें व उरलेलें तीन वार्षिक हप्त्यांनीं फेडावें. इ. स. पूर्वी ३२६ मध्यें, एका कर्जदार तरुणाचे चाबकाचे वळ पुन्हां एकदां चौकांत दिसल्यावर, देह गहाण ठेवण्याची रीतच बंद झाली. पवित्र डोंगरापासून हें अंतर १६८ वर्षांचें.

आपल्याकडे तुलनेनें लवकर झालें. दंग्यांनंतर साडेचार वर्षांतच, १ नोव्हेंबर १८७९ पासून, पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. कोर्टानें केवळ खत न पाहतां मूळ व्यवहारापर्यंत खोदावें, हप्ते बांधून द्यावे, शेतकऱ्यास देण्यासाठीं तुरुंगांत घालूं नये, खास गहाण नसलेली जमीन विकूं नये, असें ठरलें. लिसिनियसचें कलम व पेटेलियसचें कलम एकाच कागदांत आलें म्हणावयाचें. सावकारांनीं त्यांतूनही वाट काढली : गहाणाऐवजीं थेट खरेदीखत लिहून घेऊं लागले, आणि ‘पैसे फेडल्यावर परत देऊं’ हें तोंडीं. आमच्या पेटींत तसलेंही एक आहे.

पण पेटीच्या तळाशीं पांचवा कागदही आहे, त्याच कुणब्याचा, इ. स. १८८१ चा. नव्या कायद्याप्रमाणें खत गांवच्या रजिस्ट्रारसमोर करावें लागे, जुनें खत बदलावयाचें असल्यास तें दाखवावें लागे. म्हणून हें अक्षर आमच्या खापरपणजोबांचें नाहीं. कोणा परक्या कारकुनाचें, किरटें व घाईचें आहे. मागील खताचा उल्लेख करून तें रद्द केल्याचें त्यांत लिहिलें आहे. मग मुद्दल एका ओळींत, व्याज दुसऱ्या ओळींत, आणि तिसऱ्या ओळींत पूर्वीं पोंचलेली बाजरी मापानें. खालीं नांगर आहेच. मात्र तो वाकडा आहे, रुमण्याची रेघ फाळाच्या पलीकडे गेलेली आहे, आणि शाईचा एक डाग पडला आहे. भाचा म्हणाला, “मामा, हा त्यानें स्वतः काढलाय.”